अनुभवाचा दाखला आणि सैनिकाची लेखणी

युद्धावर लिहिणारा लेखक स्वतः सैनिक असला, की समीक्षेचे निम्मे काम आधीच उरकले असे समजण्याची प्रथा आहे. ‘भोगलेले’, ‘पाहिलेले’, ‘अस्सल’ ही विशेषणे अशा लेखनासाठी जणू राखून ठेवलेली असतात. वरकरणी हा गौरव असतो. वस्तुतः ती टाळाटाळ असते. लेखनाची अस्सलता लेखकाच्या लष्करी सेवेवरून ठरू लागली, की संहिता वाचण्याची जबाबदारी समीक्षकावर उरत नाही. मराठी समीक्षेने अनुभवाच्या प्रामाणिकतेचा निकष ज्या सैलपणे वापरला, त्याची मर्यादा सैनिक-लेखकाच्या बाबतीत विशेष उघडी पडते. जपानी कादंबरीकार शोहेइ ओओका (१९०९–१९८८) यांचे लेखन या निकषाला सरळ अडचणीत आणणारे आहे.

ओओका हे पेशाने सैनिक नव्हते. क्योतो विद्यापीठात फ्रेंच साहित्याचे अध्ययन केलेले, स्तांदालचे अभ्यासक आणि अनुवादक अशी त्यांची ओळख होती. १९४४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्यांना सैन्यात बोलावून फिलिपिन्समधील मिंदोरो बेटावर पाठवण्यात आले. तेथे ते सांकेतिक संदेशांचे काम करीत. जानेवारी १९४५ मध्ये हिवतापाने जर्जर झालेल्या अवस्थेत ते अमेरिकनांच्या हाती सापडले आणि वर्षअखेरीस मायदेशी परतेपर्यंत लेयते बेटावरील छावणीत युद्धकैदी म्हणून राहिले. अनुभववादी समीक्षेला हवा असलेला सारा ऐवज येथे हजर आहे. प्रश्न आहे तो या ऐवजाचे लेखकाने काय केले हा.

१९४८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘फुर्योकी’ या कैदेच्या वृत्तांताचा आरंभभाग पाहावा. तुकडीपासून तुटलेला, झुडपात पडून राहिलेला निवेदक समोरून येणाऱ्या एका तरुण अमेरिकन सैनिकाला पाहतो. बंदूक हाताशी आहे, शत्रू टप्प्यात आहे. तरी तो गोळी झाडत नाही. दुसरीकडे गोळीबाराचा आवाज होतो आणि तो तरुण निघून जातो. घटना एवढीच. साक्षीपुराव्याच्या दृष्टीने ती एका परिच्छेदात संपावी. निवेदक मात्र एखाद्या उलटतपासणी करणाऱ्या वकिलासारखा स्वतःच्याच जबानीच्या मागे लागतो. मानवतावादामुळे गोळी झाडली नाही काय? त्या चेहऱ्याच्या कोवळेपणामुळे? आपणही बाप आहोत या भावनेमुळे? प्रत्येक उत्तर तो मांडतो आणि प्रत्येकावर संशय घेतो. ‘मी तेथे होतो’ हे वाक्य येथे कशाचीही हमी देत नाही. तेथे असलेल्यालाच आपण काय केले हे ठाऊक नाही, असा या लेखनाचा प्रत्यय आहे. ज्या निकषाने या वृत्तांताची थोरवी सांगितली जाईल, त्याच निकषाला हा वृत्तांत आतून सुरुंग लावतो.

पुढची अडचण याहून मोठी आहे. १९५१ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या ‘नोबी’ या कादंबरीची गणना विसाव्या शतकातील महत्त्वाच्या युद्धकादंबऱ्यांत होते. तिचा नायक तामुरा क्षयाने आजारी आहे. तुकडी त्याला ठेवून घेत नाही आणि रुग्णालयही दाखल करून घेत नाही. उपासमारीत भटकताना तो एका निःशस्त्र फिलिपिनी स्त्रीची हत्या करतो आणि पुढे माणसाने माणूस खाण्याच्या सीमेपर्यंत जाऊन पोहोचतो. ही कथा घडते लेयते बेटावर. ओओका सैनिक म्हणून लढायला गेले ते मिंदोरोला. लेयते त्यांनी पाहिले ते कैदी झाल्यावर. म्हणजे सैनिक-लेखकाची सर्वाधिक नावाजलेली कृती त्याने सैनिक म्हणून न पाहिलेल्या रणभूमीवर उभी आहे. शिवाय तिचा निवेदक मनोरुग्णालयात बसून, डॉक्टरांच्या सूचनेवरून लिहितो आहे, आणि त्याच्या स्मृतीत निर्णायक ठिकाणी पोकळी आहे. अस्सलतेचे समर्थक या पोकळीचे काय करणार? कादंबरीचा सारा नैतिक ताण तर त्या पोकळीतच साठलेला आहे.

यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, ‘रेइते सेन्की’ हा लेयतेच्या लढाईचा प्रदीर्घ इतिहास ग्रंथरूपाने आला. दोन्ही बाजूंची लष्करी कागदपत्रे आणि वाचलेल्यांच्या आठवणी पडताळून, तुकडीगणिक मांडलेला हा ग्रंथ आहे. कादंबरीकाराने येथे कल्पिताला रजा दिली, आणि नवा पुरावा मिळत गेला तसतसा तो आपला मजकूर दुरुस्तही करीत राहिला. ग्रंथाची अर्पणपत्रिका मृत सैनिकांना उद्देशून आहे. तथापि हे स्मारक केवळ स्वकीयांचे नाही. दोन परकीय सैन्यांच्या या झुंजीत होरपळले ते फिलिपिनी, याचे भानही ग्रंथ वाचकाला देतो.

वृत्तांत, कादंबरी, इतिहास: एका वर्षाच्या सैनिकी जीवनातून तीन रूपबंध निघाले, आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याचे काम करीत नाही. अनुभवच आशय घडवीत असता आणि आशयच रूप ठरवीत असता, तर पहिल्या पुस्तकानंतर थांबणे प्राप्त होते. ओओका थांबले नाहीत, कारण प्रत्येक रूपबंधाने आधीच्या रूपबंधाची अपुरी राहिलेली बाजू दाखवून दिली. स्वतःची झाडाझडती घेणाऱ्या वृत्तांतात इतरांचे मरण मावत नव्हते. एका भ्रमिष्टाच्या कथेत हजारोंचे मरण मावत नव्हते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अनुभवाचा अधिकार नाकारला, तर ज्यांच्याजवळ अनुभवाखेरीज दुसरे भांडवल नाही अशांचा आवाजच समीक्षा हिरावून घेत नाही काय? मराठीत हा प्रश्न दलित आत्मकथनांच्या संदर्भात येणे अपरिहार्य आहे. परंतु त्या आत्मकथनांवर अन्याय केला तो कोणी? ‘जळजळीत वास्तव’, ‘सामाजिक दस्तऐवज’ अशी शिफारसपत्रे देऊन त्यांना कलाविचाराच्या दाराबाहेर उभे करणाऱ्यांनीच. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक दया पवार यांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावांत झालेली फाळणी हा त्या पुस्तकाचा रचनात्मक निर्णय आहे, आणि शिकून वर आलेल्याची आपल्या मागच्या आयुष्याशी झालेली ताटातूट याच निर्णयातून अर्थरूप धारण करते. अनुभवाच्या गौरवात दंग झालेल्या समीक्षेला ही फाळणी दिसत नाही. लेखकाचे दुःख मान्य करून त्याची बुद्धी अमान्य करणे, असा हा व्यवहार आहे. सैनिक-लेखकाच्या वाट्यालाही तोच येतो.

अनुभवाला स्थान आहेच. पण ते अधिकारपत्राचे नव्हे, ऋणाचे आहे. जो वाचला तो न वाचलेल्यांचे देणे लागतो, आणि हे देणे केवळ ‘मी तेथे होतो’ म्हटल्याने फिटत नाही. ओओकांच्या आयुष्यातील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. जपानी सैन्याच्या १९४१ च्या आचारसंहितेने सैनिकाला जिवंत कैद होण्याची नामुष्की पत्करण्यास मनाई केली होती. ‘रेइते सेन्की’च्या त्याच वर्षी, १९७१ मध्ये, जपानच्या कला अकादमीचे सदस्यत्व देऊ केले गेले, तेव्हा आपण युद्धकैदी झालो होतो हे कारण देऊन ओओकांनी ते नाकारले. ज्या राज्यसत्तेने ही नामुष्की निर्माण केली, तिच्याच सन्मानासमोर तिचेच शब्द ठेवण्यातला उपरोध लपत नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे, की ज्या अनुभवाचे मानपत्र करून मिरवता आले असते, तो त्यांनी मानपत्र परत करण्यासाठी वापरला.

समीक्षेने निदान एवढे शिकावे. सैनिकाच्या पुस्तकासमोर उभे राहून सलामी देणे सोपे असते. ते पुस्तक उघडून त्यातला निवेदक कोण, तो काय विसरला आहे, काय लपवतो आहे आणि कोणत्या रूपबंधात आपले ऋण मांडतो आहे, हे विचारणे कठीण असते. पहिल्या कृतीत आदर दिसतो. आदर असतो तो दुसरीत.