बुबुळांचा बाजार

२०२३ च्या जुलैअखेर केनियाची राजधानी नैरोबी येथें लोकांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. 'वर्ल्डकॉइन'च्या चकचकीत गोळ्यापुढें डोळा धरावयाचा, बुबुळाची प्रतिमा द्यावयाची आणि सुमारें ७,००० शिलिंगांचें आंकडी नाणें घेऊन घरीं जावयाचें, असा तो सौदा! कृत्रिम बुद्धीच्या युगांत माणूस कोण व यंत्र कोण हें ओळखतां यावें, हा त्यामागील हेतु. (योजनेचे एक संस्थापक सॅम ऑल्टमन हेच चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीचे प्रमुख, हें वाचकांच्या ध्यानीं असावें.) हेतूविषयीं आम्ही वाद घालीत नाहीं, पण ज्याच्या घरीं उद्यांच्या पिठाची भ्रांत, त्याची संमति ती संमति कसली? किल्ली हरवली तर कुलूप बदलतां येतें. बुबुळ कोठून बदलावें?

ऑगस्टच्या आरंभींच सरकारनें हें काम थांबविलें. कृत्रिम बुद्धीचा स्वतंत्र कायदा तेव्हां नव्हता. हाताशीं होता तो २०१९ चा माहिती-संरक्षणाचा. त्याच्याच आधारें मे २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें ती माहिती सात दिवसांत पुसून टाकण्यास फर्माविलें. आमिष दाखवून घेतलेली संमति त्यानें ग्राह्य मानिली नाहीं. रांगेंतल्यांचे शिलिंग तोंवर केव्हांच खर्ची पडले असतील.