आधी भावाकडे जा

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये नेहमीप्रमाणे प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी वाचनासाठी डोंगरावरच्या प्रवचनातल्या दोनच ओळी घेतल्या. मत्तय, अध्याय ५, वचनं २३ आणि २४. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही वचनं पाठ करून बक्षीसही मिळवलं होतं. पण पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं, नाही का?

येशू म्हणतो त्याचा मतितार्थ असा: तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर.

मी इतकी वर्षं हे वचन उलटं वाचत होते. मला वाटायचं, माझ्या मनात कुणाविषयी राग असेल तर तो काढून टाकायचा. तशी शिकवण बायबलमध्ये आहेच, पण इथे मुद्दा तो नाही. इथे भावाच्या मनात माझ्याविषयी काही आहे. म्हणजे दुखावला गेलाय तो, आणि उठून जायचंय मी. "माझ्या मनात काही नाही हो कुणाबद्दल" हे आपलं आवडतं वाक्य इथे अगदी कुचकामी ठरतं!

दुसरी गोष्ट अंतराची. हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात. मध्ये साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. पायी तीन-चार दिवस. अर्पणाचं कोकरू किंवा पारव्यांची जोडी तिथेच सोडायची, चालत गावी जायचं, भावाची समजूत काढायची आणि पुन्हा चालत यायचं. आठवडा तरी गेला. ऐकणाऱ्यांना ही गोष्ट किती अवघड वाटली असेल!

यहुदी परंपरेतही हा विचार आहे. त्यांच्या मिश्नामध्ये म्हटलंय की माणसानं माणसाविरुद्ध केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसानंही फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. देवाची क्षमा हा शेजाऱ्याला टाळायचा जवळचा रस्ता नव्हे.

आणि मला तिथे, बाकावर बसल्या बसल्या, दादा आठवला.

पप्पा गेले तेव्हा माती झाल्यावर चौथ्या दिवशी मी पुण्याला परत निघाले. निघताना पप्पांचं जुनं बायबल पिशवीत घातलं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांपासून आम्हा सगळ्यांच्या जन्मतारखा आणि बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिलेल्या आहेत. मी कुणाला विचारलं नाही. मुलगी आहे, एवढा हक्क नाही का, असं मनाशी म्हटलं. पण पप्पांचं शेवटचं दोन वर्षांचं अंथरूण दादा-वहिनींनी काढलं होतं. रोज रात्री त्याच बायबलातून दादा त्यांना वाचून दाखवायचा. हे मला माहीत होतं. त्यानंतर तो फोनवर तुटक बोलायला लागला आणि मी "कामात असेल" म्हणत तीन वर्षं काढली.

गंमत म्हणजे आमचं नगरजवळचं गाव पुण्यापासून तेवढंच, सव्वाशे किलोमीटर. पायी नाही, एसटीनं तीन तास!

त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतलं नाही. पुढच्या शनिवारी गेले. बायबल ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "दादा, माझं चुकलं." तो बराच वेळ पानं चाळत बसला. मग म्हणाला, "मागितलं असतंस तर मीच दिलं असतं गं." वहिनीनं चहा ठेवला. सगळं एका चहात निवळलं असं मी म्हणणार नाही. पण रविवारी त्यानं स्वतःहून फोन केला.

एक सावधगिरीचा शब्द. हे वचन आपण बऱ्याचदा चुकीच्या माणसाला ऐकवतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, जमिनीत फसवल्या गेलेल्या धाकट्या भावाला आपण म्हणतो, "जा, समेट कर, ख्रिस्ती आहेस ना?" माझ्या मते हे वचनाला धरून नाही. येशू इथे दुखावलेल्याला उठवत नाही, दुखावणाऱ्याला उठवतो. वजन कुणाच्या खांद्यावर आहे हे नीट वाचायला हवं.

आपल्या मंडळ्यांमध्ये उपकारस्तुतीची पाकिटं वेळेवर येतात, सणाला चर्च छान सजतं. आणि एकाच बाकाच्या दोन टोकांना बसणारे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पाकीट थोडं उशिरा आलं तर देवाचं काही अडणार नाही, असं मला तरी या दोन ओळींवरून वाटतं.

बायबल आता दादाकडेच आहे. मागच्या महिन्यात पुतणीला मुलगी झाली, तिची तारीख त्यानं त्या पानावर लिहिली. पानाचा फोटोही पाठवला.

असो. तुम्हालाही कुणी आठवलं असेल, तर वाचन इथेच थांबवून आधी फोन लावलात तरी चालेल.