विनागुण वाचनाचा एक तास

महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. तरीही पुणे जिल्ह्यातल्या नाणे मावळातून कामशेतला शिकायला येणारा दहावीचा विद्यार्थी कृतिपत्रिकेतला अपठित उतारा दिसताच गडबडू शकतो. मग तो प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतो आणि ते अख्खं वाक्य उत्तर म्हणून उतरवतो. याला ‘इंग्रजी कच्चं’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण लिबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच परीक्षेच्या भीतीतली काळजी आणि शरीराची घालमेल वेगळी करून दाखवली. गुणांना जास्त मारक ठरते ती काळजीच. ‘नापास झालो तर?’ हा विचार डोक्यात घोळत असताना मागचं वाक्य लक्षात ठेवून पुढच्याशी जोडणं जमत नाही.

कुणी म्हणेल, मुळात इंग्रजी येत नाही म्हणूनच भीती वाटते. आक्षेप रास्त आहे. साइतो, हॉर्विट्झ आणि गार्झा या संशोधकांना 1999 मध्ये अमेरिकेतल्या परभाषा शिकणाऱ्यांत वाचनाची भीती आणि कमी गुण एकत्र आढळले; कशामुळे काय, हे त्यावरून ठरत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. म्हणून नुसता धीर देऊन भागणार नाही आणि सराव परीक्षांचा मारा करूनही नाही. परीक्षा रद्द करा, असं आमचं म्हणणं नाही. आठवड्यातला एक तास विनागुण वाचनाला द्यावा: छोटा उतारा, वेळेचं बंधन नाही, आशय मराठीत सांगायची मुभा. उताराच कळला नाही की कळलेलं इंग्रजीत मांडता आलं नाही, हे शिक्षकाला तिथे समजेल आणि उपायही त्याप्रमाणे ठरवता येईल.