६ गिगाहर्ट्झ मोकळं होतंय! पण आतल्या खोलीतलं नेट सुधारेल का?

दूरसंचार विभागाने १६ मे २०२५ रोजी एका नियमाचा मसुदा काढला आणि लगेच सगळीकडे एकच चर्चा सुरू झाली: भारतात वाय-फाय आता सुसाट होणार! बातमी खरी आहे आणि महत्त्वाचीही आहे. पण ती ऐकून नवा राउटर घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा. या निर्णयाने नेमकं काय बदलतं आणि तुमच्या घरातलं नेट ज्या कारणाने अडकतंय त्याच्याशी याचा किती संबंध आहे, हे आधी बघू.

मसुद्यात आहे तरी काय?

वाय-फाय रेडिओ लहरींवर चालतं, आणि कोणत्या लहरी कोणी वापरायच्या हे सरकार ठरवतं. मोबाइल कंपन्या लिलावात पैसे मोजून त्यांच्या लहरी घेतात. वाय-फायला मात्र काही पट्टे परवान्याशिवाय दिलेले आहेत, म्हणून तर तुम्ही दुकानातून राउटर आणून थेट सुरू करू शकता.

तोपर्यंत भारतात असे दोन पट्टे होते. पहिला २.४ गिगाहर्ट्झचा, जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, तिथे २०१८ मध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा मोकळी झाली. नव्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा ५०० मेगाहर्ट्झचा तिसरा पट्टा परवानामुक्त करायचं म्हटलंय. हरकती आणि सूचनांसाठी १५ जून २०२५ पर्यंत मुदत होती. म्हणजे तेव्हा हा मसुदाच होता, अंतिम नियम नव्हता.

यात अटी आहेत. घरात किंवा ऑफिसात वापरायच्या उपकरणांची ताकद जास्तीत जास्त १ वॉट, आणि बाहेर वापरायच्या उपकरणांची फक्त २५ मिलीवॉट. गाडीत, रेल्वेच्या डब्यात, बोटीत हा पट्टा वापरायचा नाही. कारण याच लहरींवर जमिनीवरून उपग्रहांकडे सिग्नल पाठवले जातात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून ‘भिंतींच्या आत राहा आणि हळू बोला’ असा हा सगळा मामला आहे.

इतका उशीर का लागला?

अमेरिकेने एप्रिल २०२० मध्येच ६ गिगाहर्ट्झचा १२०० मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा वाय-फायला दिला. युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यातला खालचा भाग दिला. आपल्याकडे मात्र रस्सीखेच चालली होती. मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणत होती की हा पट्टा ५जी आणि पुढच्या ६जीसाठी ठेवा. ब्रॉडबँड इंडिया फोरमसारख्या संघटना म्हणत होत्या की वाय-फायला द्या. दोघांचाही मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. लिलाव झाला तर सरकारला पैसे मिळतात, आणि फुकट दिलं तर घराघरातलं नेट सुधारतं.

या उशिराची किंमत गेमर मंडळींना चांगलीच कळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो जगभर आला, पण भारतात नाही. त्यात वाय-फाय ७ आहे आणि त्याला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती, हे कारण सोनीने स्वतः दिलं होतं.

मसुद्यात सरकारने मधला मार्ग काढलाय: खालचे ५०० मेगाहर्ट्झ वाय-फायला, वरच्या ७०० मेगाहर्ट्झचा यात उल्लेख नाही. अमेरिकेत १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे सात चॅनेल मिळतात, आपल्याला तीन मिळतील. वाय-फाय ७ ची खरी मजा असलेला ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल तर एकच बसेल. तरी ज्या बिल्डिंगमध्ये आत्ता फोनवर वीस-पंचवीस शेजाऱ्यांची वाय-फाय नावं दिसतात, तिथे तीन रिकामे चॅनेल ही मोठी गोष्ट आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण भिंतीत आहे. लहरींची फ्रीक्वेन्सी जितकी जास्त, तितकी ती भिंतीतून कमी जाते. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण दोन भिंती ओलांडतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एका जाड भिंतीत दमतं. ६ गिगाहर्ट्झ त्याहून थोडं आधी दमणार. म्हणजे राउटर असलेल्या खोलीत तुफान वेग, आणि आतल्या खोलीत आहे तसंच.

आपल्याकडे नेमकी आतली खोलीच अडलेली असते. केबलवाला वायर जिथून घरात येते तिथेच, बहुतेक वेळा हॉलमध्ये टीव्हीमागे, डबा ठोकून जातो. मध्ये नऊ इंची विटांची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह. घरात कनेक्शन सगळ्यांचं असतं, रेंज मात्र हॉलची असते.

आमच्या गावच्या घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. मी लॅपटॉपला लॅन केबल लावून मोजलं तेव्हा ९४ आले. हॉलमध्ये फोनवर ५ गिगाहर्ट्झला ९० च्या आसपास. आणि धाकटी बहीण ज्या मागच्या खोलीत बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिथे २.४ वर पंधरा-सोळा, तेही संध्याकाळी हॉलमध्ये मॅच चालू नसली तर. कंपनी पूर्ण वेग देत होती. तो भिंतीपाशी येऊन थांबत होता.

आणि हा प्रश्न आता जास्त घरांचा झालाय. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा जिओचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. चार माणसांच्या घरात तेच ११९६ रुपये होतात. घरगुती फायबरचा ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा प्लॅन करासकट ४७१ रुपयांना पडतो. सिम चालू ठेवायला छोटा रिचार्ज लागतोच, तरीही एक कनेक्शन घेऊन सगळ्यांनी वाटून वापरणं अनेकांना परवडतं. पण वाटणी नीट झाली नाही तर आतल्या खोलीतला माणूस शेवटी मोबाइल डेटाच वापरतो, आणि घर दोन्हीकडे पैसे भरतं.

बरं, वेग कमी पडतो असंही नाही. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. चौघं एकाच वेळी बघत बसले तरी २० झाले. ३० चा प्लॅन पुरला पाहिजे. पुरत नसेल तर १०० चा घेण्याआधी घरातलं जाळं तपासा.

खर्चाआधी काय करायचं?

१. मोजा. राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडून स्पीड टेस्ट करा. तिथे पूर्ण वेग आला तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, दोष घरातल्या वाय-फायचा आहे. तिथेही वेग आला नाही तर तक्रार नक्की करा. मात्र २०० चा प्लॅन असून वेग ९४-९५ वर अडकत असेल तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट १०० चं आहे का, किंवा केबलमधल्या आठपैकी चारच तारा जोडल्यात का, हे बघा. दोन्ही प्रकार सर्रास दिसतात.

२. डबा हलवा. टीव्हीमागून काढून उंचावर, घराच्या मध्याकडे ठेवा. फायबरची वायर फार वाकवू नका. ती जागची हलत नसेल तर पुढचा उपाय करा.

३. आतल्या खोलीत केबल न्या. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग सहज नेते. आपल्या घरांना एवढी लांबी कधीच लागत नाही. टोकाला जुना राउटर लावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड चालू करा. तो पर्याय नसेल तर जुन्या राउटरचा आयपी पत्ता वेगळा करा, म्हणजे मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग डीएचसीपी बंद करा आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल वॅन नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक फोनला घरातला पत्ता वाटणारा. एका घरात असे दोन वाटणारे असले की गोंधळ होतो, फोन जोडलेला दिसतो पण नेट चालत नाही.

४. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, चॅनेल वेगळे ठेवा. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, त्यातलेच निवडा.

५. स्वस्त रिपीटर शेवटचा पर्याय समजा. एकच रेडिओ असलेला रिपीटर त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. भाड्याच्या खोलीत भिंत फोडता येत नसेल तर दारावरून पट्टीने केबल नेता येते का ते आधी बघा.

आमच्या घरी तिसरा उपाय केला. मागच्या खोलीत आता ८५ च्या वर मिळतात. काही शे रुपयांची केबल आणि माळ्यावर पडलेला राउटर, एवढ्यात काम झालं.

मग ६ गिगाहर्ट्झ कोणाच्या कामाचं?

डोंबिवली-ठाण्याच्या दाट बिल्डिंगा, पुण्यातली एका फ्लॅटमध्ये सहा पोरं राहतात ती घरं, हॉस्टेलं, ऑफिसं. जिथे गर्दी हीच अडचण आहे, तिथे याचा खरा फायदा होईल. गावात शेजारचं घर लांब असतं, तिथे ५ गिगाहर्ट्झच रिकामं पडलेलं असतं. तिथे अडचण भिंतीची, किंवा मुळात फायबर न पोहोचल्याची असते. ती या नियमाने सुटत नाही.

दुकानात जाल तेव्हा नावाने फसू नका. वाय-फाय ६ म्हणजे ६ गिगाहर्ट्झ नव्हे! वाय-फाय ६ फक्त २.४ आणि ५ वर चालतं. ६ गिगाहर्ट्झसाठी वाय-फाय ६ई किंवा ७ लागतं, आणि वाय-फाय ७ लिहिलेल्या काही राउटरमध्येही दोनच बँड असतात. खोक्यावर ६ गिगाहर्ट्झ स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. शिवाय फोनही तसाच लागतो. आयफोनमध्ये हे १५ प्रोपासून आलं, कमी किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये नाहीच.

म्हणून माझं मत सरळ आहे.  तुम्ही ६ गिगाहर्ट्झची वाट बघत बसू नका. सध्या राउटरचे पैसे खिशात ठेवा आणि या रविवारी केबलचं माप घ्या. पुढे नवा राउटर घेतलात तरी ती केबल कामाला येईलच, कारण ६ गिगाहर्ट्झच्या राउटरलाही तुमची भिंत ओलांडायला तीच लागणार आहे.