शाळांची दुरुस्ती आणि जिल्ह्याची पत

शाळेची इमारत कोसळते एका क्षणात. पण ती कोसळण्याची तयारी कैक वर्षे चाललेली असते. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचे छत पडून तीन मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावी, सात मुलांचा असाच बळी गेला. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या मागविल्या जातात. याद्या मागविण्यास पैसा लागत नाही. भिंती बांधण्यास लागतो. तो कोणी, कोठून आणि कोणाला विचारून उभा करावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

मराठवाड्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचे ओझे म्हणजे काय, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराने सुमारे दहा हजार जीव गमावून अनुभवले आहे. त्या वेळी चार वाजावयाचे होते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीच्या बाजूने आलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हा निजामकालीन वा त्यानंतर घाईने उभारलेल्या खोल्यांची डागडुजी ही शोभेची बाब नसून मुलांच्या जीविताची बाब आहे.

१ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे आले. शाळा त्यांच्या झाल्या. मात्र पैशाच्या नाड्या मुंबईतच राहिल्या. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न जमीन महसुलावरील उपकर आणि तत्सम किरकोळ बाबींपुरते मर्यादित आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि कुंपण यांची हमी दिली. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणारे वार्षिक अनुदान मात्र पटसंख्येनुसार काही हजारांपासून फार तर एक लाखापर्यंत जाते. त्यातच खडू, वीजबिल आणि रंगरंगोटी भागवावयाची. त्यातून गळके पत्रे एखादे वेळी बदलतील, खचलेला पाया सावरणार नाही.

अमेरिकेत या अडचणीवर एक जुना उपाय आहे. तेथील शालेय जिल्हे इमारतींच्या दुरुस्तीसाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवतात. तो मंजूर झाला की मालमत्ता करातून वर्षानुवर्षे त्याची परतफेड होते. कॅलिफोर्नियात यासाठी दोन तृतीयांश मते लागत. नोव्हेंबर २००० मधील सार्वमतानंतर ५५ टक्के मते पुरेशी झाली. पण त्या सवलतीसोबत अटीही आल्या. कोणती कामे होणार त्यांची यादी आधी जाहीर करावयाची, हिशेब दरवर्षी तपासून घ्यावयाचे आणि देखरेखीसाठी नागरिकांची समिती नेमावयाची.

हा उपाय आपल्याकडे जसाच्या तसा आणता येईल काय? स्थानिक संस्थांचे कर्जरोखे आपल्याला अपरिचित नाहीत. १९९७ मध्ये बंगळूरने, १९९८ मध्ये अहमदाबादने, पुढे नाशिक आणि नागपूरने ते काढले. २०१७ मध्ये पुण्याने पाणीपुरवठ्यासाठी दोनशे कोटी रुपये अशाच मार्गाने उभे केले. परंतु या महापालिकांकडे तारण ठेवण्याजोगे कराचे भक्कम उत्पन्न होते. कर्ज हे गरजेवर मिळत नाही, उत्पन्नावर मिळते. पाण्याची पट्टी आकारता येते. प्राथमिक शाळा फी घेत नाही आणि घेऊही नये. लातूर वा नांदेड जिल्हा परिषदेने उद्या रोखे काढावयाचे म्हटले, तर सावकार पहिला प्रश्न हाच विचारील की परतफेड कशातून करणार. त्याला आज उत्तर नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. स्थानिक करावर शाळा चालल्या, तर श्रीमंत वस्तीला चांगली शाळा आणि गरीब वस्तीला पडकी, असा न्याय होतो. कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये या विषमतेवर बोट ठेवले होते. देगलूर, किनवट वा जळकोटच्या शेतमजुराने आपल्या मुलाच्या वर्गासाठी कर्जाचा हप्ता भरावा आणि पुण्याच्या नागरिकाने भरू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून रोख्यांचे अनुकरण करण्यापेक्षा त्यांमागील शिस्त उचलणे शहाणपणाचे ठरेल. १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर बसविण्यात आला. शहरांतील घरमालक आजही मालमत्ता कराच्या बिलात तो भरतात. महापालिका तो वसूल करतात आणि राज्याच्या तिजोरीत जमा करतात. या उपकराचा ठरावीक हिस्सा शालेय इमारतींसाठी कायद्याने राखून ठेवावा आणि त्याच्या वाटपात शाळांची पडझड व जिल्ह्याचे दारिद्र्य हे निकष लावावेत. असा खात्रीचा ओघ निर्माण झाला, म्हणजे त्याच्या तारणावर राज्याने अनेक जिल्ह्यांसाठी मिळून रोखे काढावेत. तामिळनाडूने २००२ मध्ये लहान नगरपालिकांची गरज एकत्र करून पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी असे कर्ज उभारले होते. एकट्याची पत नसते तेथे समूहाची पत उपयोगी पडते. अर्थात कर्ज पुनर्बांधणीपुरतेच असावे. दरवर्षीची किरकोळ दुरुस्ती चालू उत्पन्नातूनच व्हावयास हवी. अन्यथा आजची गळती थांबविण्याचा खर्च उद्याच्या पिढीच्या माथी बसेल.

पैशाइतकेच महत्त्व संमतीला आहे. कोणत्या गावाची कोणती खोली, किती खर्च, किती मुदत, ही यादी ग्रामसभेपुढे वाचली जावी आणि काम झाल्यावर हिशेबही तेथेच मांडला जावा. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर या दोन्ही जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. ज्याला मत मागावयाचे नाही, त्याला गळक्या छपराचा जाब कोण विचारणार?

मौज अशी, की याच प्रदेशाला शिक्षणाचे माहेरघर म्हणून मिरविले जाते. लातूर पॅटर्नचा डंका राज्यभर वाजतो आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत दूरदूरची मुले येतात. त्या शुल्कासाठी कुटुंबे जमिनीचा तुकडासुद्धा विकतात. म्हणजे शिक्षणासाठी झीज सोसण्याची तयारी येथे नाही असे नव्हे. निजामी राजवटीत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये उभी राहिली, तिच्यामागे सरकारी तिजोरी नव्हती. बदलले आहे ते एवढेच, की ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांची मुले आता जिल्हा परिषदेच्या शाळेत बसत नाहीत. गळक्या वर्गात आज मजुराची, ऊसतोड कामगाराची, अल्पभूधारकाची मुले बसतात. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर हा दानधर्माचा विषय नाही. तो सार्वजनिक अर्थकारणाचा पहिला हप्ता आहे, आणि तो बराच थकला आहे.