वनाची परीक्षा वनातच व्हावी

शेतकी प्रदर्शन म्हटले म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढे खिल्लारी बैलांच्या दावणी, उसाच्या मोळ्या, निवडक कणसे आणि नवी अवजारे उभी राहतात. उभ्या झाडाची आठवण तेथे क्वचितच कोणास होते. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथील प्रदर्शनांत मात्र गुरे, मेंढ्या व धान्य यांच्या जोडीने वनविभागास स्वतंत्र जागा देण्याचा प्रघात आहे. त्यात घेण्याजोगे काय व सोडण्याजोगे काय, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

या प्रघाताची मुळे खोल आहेत. जॉन एव्हलिन याने 1664 साली ‘सिल्व्हा’ हा ग्रंथ लिहून जमीनदारांस वृक्षलागवडीचा उपदेश केला. पुढे 1754 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या कलासंस्थेने झाडे लावणाऱ्यांस सुवर्णपदके दिली. स्कॉटलंडातील हायलंड सोसायटी 1784 साली निघाली आणि तिचे पहिले प्रदर्शन 1822 साली एडिंबरो येथे भरले. ते आजही भरते. इतके होऊनही विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनच्या भूमीपैकी अवघी शेकडा 5 च्या आसपास वनाखाली उरली होती. पहिल्या महायुद्धात खाणींस व खंदकांस लागणाऱ्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा 1919 साली वनआयोग स्थापावा लागला. आज हे प्रमाण शेकडा 13 च्या घरात आहे, आणि त्यातील बराच मोठा भाग खाजगी मालकांकडे आहे. तेव्हा प्रदर्शनातून शेतकऱ्याचे मन झाडाकडे वळविणे हा तेथे निव्वळ करमणुकीचा विषय नाही.

प्रदर्शनातील वनविभागाची दोन अंगे असतात. पहिले अंग रिंगणाचे. तेथे उंच सरळ खांबावर चढण्याची शर्यत लागते, कुऱ्हाडीने ओंडका कोण आधी तोडतो हे पाहिले जाते, यंत्रकरवतीने लाकडात पशुपक्षी कोरतात, घोड्याकडून ओंडके ओढवितात. शेजारी हेझलच्या फोकांचे ताटवे विणणारे कारागीर बसतात. झाडांच्या रोगांची माहितीही काही ठिकाणी मिळते. 1960 नंतरच्या दशकांत एल्मची कोट्यवधी झाडे रोगाने गेली, आणि अ‍ॅश वृक्षाचा मररोग 2012 साली ब्रिटनमध्ये आढळला. फांदीच्या बुडाशी शंकरपाळ्याच्या आकाराचा काळपट व्रण दिसला की शेतकऱ्याने सावध व्हावे, हे ज्ञान छापील पत्रकापेक्षा प्रत्यक्ष रोगट फांदी पाहून अधिक पक्के होते.

दुसरे अंग वनस्पर्धेचे. बैल दावणीस आणून बांधता येतो. वन गाडीत घालून आणता येत नाही. म्हणून परीक्षक आधीच मालकाच्या वनात जाऊन ते पायी फिरून पाहतात. खोड सरळ वाढले आहे काय, विरळणी वेळेवर झाली काय, हरणे व खारी यांपासून रोपांचे रक्षण होते काय, जुन्या झाडाखाली नवी रोपे उगवत आहेत काय, लाकूड बाहेर काढण्यास वाट राखली आहे काय, हे सर्व पाहून ते निर्णय देतात. प्रदर्शनात होतो तो केवळ पारितोषिक देण्याचा समारंभ. मोठी इस्टेट, शेतकऱ्याचे लहान वन, शाळेचे वन अशा निरनिराळ्या गटांतही अशा स्पर्धा घेतात. त्यामुळे लहानास मोठ्यापुढे खाली पाहावे लागत नाही.

रिंगणातील कसरतीस आम्ही नावे ठेवीत नाही. तिच्यामुळे गर्दी जमते, आणि कुऱ्हाड चालविणाऱ्याच्या हातात कसब असतेच. परंतु टाळ्या ज्याला मिळतात तेच काम थोर, अशी समजूत नकळत रूढ होते. ओंडका तोडणाऱ्यास घटकाभरात यश मिळते. ओकचे लाकूड पक्व होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. लावणारा ते पाहण्यास उरत नाही. गव्हाचे बक्षीस त्याच वर्षी मिळते, तसे वृक्षाचे कधीच मिळणार नाही. म्हणून ज्याचे पीक नातवाच्या हाती जावयाचे, त्याच्या श्रमाची कदर त्याच्या हयातीत व्हावी, हे वनस्पर्धेचे खरे प्रयोजन होय. यास्तव रिंगणापेक्षा वनस्पर्धेस अधिक मान मिळाला पाहिजे, असे आमचे मत आहे.

कोणी म्हणेल, ही साहेबांच्या देशातील गोष्ट. दोन एकरांच्या धन्याने वन कोठे करावे? आक्षेप खोटा नाही. महसुली चाकरीत बांधावरच्या एका झाडावरून दोन भाऊबंद कचेरीची पायरी चढलेले आम्ही पाहिले आहेत. झाडाच्या सावलीने पीक खुरटते हेही खरे. आणि सागासारखे झाड स्वतःच्या शेतातले असले तरी 1964 च्या कायद्याप्रमाणे तोडण्यास परवानगी काढावी लागते. परंतु याच अडचणींमुळे, जो शेतकरी हे सर्व सोसून झाड वाढवितो त्याची दखल कोणी तरी घेतली पाहिजे. आपल्याकडे पिकांच्या स्पर्धा होतात, वनमहोत्सव 1950 पासून साजरा होतो, आणि लावलेल्या रोपांचे आकडेही दरवर्षी निघतात. त्यांतील जगली किती, हे पाहण्यास मात्र कोणी फिरकत नाही.

आमच्या संघाच्या चालकांस आमची विनंती आहे की, पुढील प्रदर्शनापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. बांधावरील झाडे, बांबूची बेटे व पडीक तुकड्यावरील लागवड असे तीन गट करावेत. बक्षीस लावणीस न देता पाच वर्षे जगलेल्या झाडांस द्यावे. परीक्षकांनी शेतावर दोनदा जावे, एकदा भर वैशाखात आणि एकदा पावसाळा सरल्यावर. कारण पावसाळ्यात सर्वांचीच झाडे हिरवी दिसतात. वय व संख्या पडताळण्यास पीकपाहणीतील झाडांची नोंद पाहावी, म्हणजे ती नोंद करून घेण्याची सवयही शेतकऱ्यास लागेल. यास मोठा खर्च लागणार नाही. दोन जाणते परीक्षक आणि उन्हात चालण्याची तयारी एवढे पुरे. संघाने हे काम हाती घेतल्यास फिरतीवर येण्यास आम्ही सिद्ध आहोत.