ज्या डोंगरावर कुणी चढत नाही

मोठहून झाशीला निघालं की कानपूर महामार्गावर चिरगाव, पारीछा, बडागाव मागे पडतं आणि गोरामछियाजवळ हवा पांढुरकी होते. इथे गिट्टीचे क्रशर आहेत. रस्त्याकडेच्या पळसाचं पान बोटाने पुसलं, तर खालून हिरवा रंग निघतो. मागच्या टेकड्यांना एकीकडे झाडी आहे. दुसरी बाजू सुरीने केक कापावा तशी सरळ उतरलेली आहे. बँकेतल्या बदलीने मी मोठला आले, तेव्हापासून हा रस्ता माझ्या पायाखालचा झाला आहे. या टेकड्यांवर पर्यटक म्हणून चढलेला माणूस मला इथे क्वचितच भेटला.

माझं लहानपण कोथरूडचं. वेताळ टेकडीवर आजोबांचं बोट धरून गेले, पुढे मैत्रिणींबरोबर गेले. त्या टेकडीतही दगडाची जुनी खाण आहेच. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठतं. तरीही टेकडी उरली. 2023 मध्ये बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने मोर्चात उतरले. त्यातल्या कितीतरी जणांना टेकडीवरची एकेक पायवाट तोंडपाठ होती. माझं म्हणणं एवढंच आहे: शहराजवळचा डोंगर वाचवायचा असेल, तर शहरातल्या माणसांनी त्यावर चढलं पाहिजे, तिथे रात्र काढली पाहिजे. ज्याच्या वाटा कुणाला माहीत नाहीत, त्याच्यासाठी भांडायला कोण येणार?

बुंदेलखंडचे डोंगर उंच नाहीत. 1646 मीटरच्या कळसूबाईची सवय असलेल्याला ते टेकाडच वाटतील. पण इथला ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यातून पांढऱ्या गारगोटीच्या भिंती ईशान्येकडून नैऋत्येकडे मैलोन् मैल गेल्या आहेत. भोवतालचा दगड झिजला, या भिंती उभ्या राहिल्या. चंदेल राजांनी अशाच टेकड्यांमधल्या खिंडी बांधून तलाव केले, आणि त्यांतले काही आजही भरतात. या कोरड्या मुलखात पाणी कुठे थांबेल हे डोंगर ठरवतो. तो फोडून गिट्टी झाली की पाण्याचं काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जण गढकुंडारला गेलो. झाशीहून दीडेक तासाचा प्रवास. खंगारांचा आणि नंतर बुंदेल्यांचा हा गड. 1531 मध्ये राजधानी ओरछाला गेली, तेव्हा याचं महत्त्व संपलं. वृंदावनलाल वर्मांच्या 'गढ़ कुंडार' कादंबरीमुळे हिंदी वाचकाला तो ठाऊक आहे. मराठी वाचकाला बहुधा नाही. दुरून किल्ला स्पष्ट दिसतो, जवळ जावं तसा टेकड्यांआड जातो, मग एकदम समोर येतो. अंगावर करधईचं जंगल. उन्हाळ्यात ही झाडं वाळून मेल्यासारखी दिसतात, आणि पावसाआधी हवा जराशी दमट झाली की पालवतात.

किल्ला सरकारी संरक्षणाखाली आहे, म्हणून आम्ही तंबू खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या शेतात लावले. त्याने गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर गक्कड भाजले. कणकेचे जाड गोळे, वरून राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि भाजलेल्या वांग्याच्या भरीताबरोबर खायचे. रात्री कोल्हे ओरडले, पहाटे तंबूच्या कापडावरून दव ओघळत होतं. सकाळी टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "जिज्जी, इतै का धरो है?" इथे आहे तरी काय? मग त्यानेच तासभर दाखवलं: तेंदूचं झाड, चारोळीचं झाड, साळिंदराने उकरलेली माती, पावसाळ्यात झरा फुटतो ती कपार. एवढं जाणणाऱ्या माणसाला वाटाड्या म्हणून दिवसाची मजुरी मिळायला नको का?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. सह्याद्रीत काय झालं? हरिश्चंद्रगडावर सुट्टीच्या दिवशी तंबूंना तंबू लागतात, काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हटत नाही, कोकणकड्यापाशी प्लास्टिक सापडतं. ते पाहून मलाही संताप येतो. म्हणून सुरुवातीपासूनच नियम हवेत: तंबू ठरलेल्या जागीच, माणसं मोजकी, स्पीकर नाही, वाळलेल्या जंगलात उघडा जाळ नाही, गावातला वाटाड्या सक्तीचा आणि कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा. गर्दीला आवर घालता येतो. फोडलेली टेकडी कुठलाही नियम परत आणत नाही.

2025 च्या अखेरीस अरवलीत 100 मीटरहून बुटक्या टेकड्यांना डोंगर मानायचं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राजस्थानात लोक रस्त्यावर आले. त्या मोजपट्टीने बुंदेलखंडच्या किती टेकड्या उरतील, या विचाराने मला धास्ती वाटते. इथे खाणपट्ट्याच्या कागदावर टेकडीला नाव नसतं, गाटा संख्या म्हणजे जमिनीचा क्रमांक असतो.

मराठी माणसाचं या मुलखाशी नातं जुनं आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत चालत इथवर आले होते आणि झाशी पडल्यावर काल्पीच्या दिशेने गेले. आज पंजाब मेल किंवा झेलम एक्स्प्रेसने उतरणारे आपले लोक राणीचा किल्ला पाहतात, ओरछात छत्र्यांसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण संस्थांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे एकेक मोहीम काढावी. झाशीच्या कॉलेजांतली मुलं सोबत घ्यावीत, वाटांचे नकाशे करून ते वनखात्याला आणि ग्रामपंचायतींना द्यावेत. पुढे कुठल्या टेकडीच्या पट्ट्यासाठी जनसुनावणी लागली, तर तो नकाशा टेबलावर ठेवता येईल आणि त्या वाटेने चाललेली चार माणसं तिथे उभी राहून बोलतील.